लोकसंख्या आणि स्थलांतर : बिदर-कलबुर्गीचे उदाहरण

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन कारणांनी बदलते. जन्म व मृत्यू यांच्या संख्येतील फरकास नैसर्गिक वाढ म्हणतात. बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे यांच्यातील फरक म्हणजे निव्वळ स्थलांतर. यांपैकी स्थलांतराची मोजणी सर्वांत अवघड. महाराष्ट्र व तेलंगणाला लागून असलेले कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे त्याचे बोलके उदाहरण आहेत.

लोकसंख्येची घनता

दर चौरस किलोमीटरमागे राहणाऱ्या लोकांची सरासरी संख्या म्हणजे घनता. २०११ च्या जनगणनेनुसार बिदरची लोकसंख्या सुमारे १७.०३ लाख आणि घनता ३१३ होती. कलबुर्गीची लोकसंख्या २५.६६ लाख आणि घनता सुमारे २३४. गोव्याची घनता ३९४ होती. तरीही उत्तर कर्नाटकातील मजूर गोव्यात येतात. जमिनीवर किती माणसे राहतात एवढेच घनता सांगते. ती किती जणांना वर्षभर काम देते, हे सांगत नाही. कलबुर्गीची प्रसिद्ध तूर मुख्यतः पावसावर पिकते. काढणी आटोपल्यावर गावात पुरेसे काम उरत नाही, हा अपकर्षण घटक. शहरांतील बांधकामावरची रोजची मजुरी हा आकर्षण घटक.

सीमा आणि स्थलांतर

जन्मस्थान किंवा पूर्वीचे वास्तव्य मोजणीच्या ठिकाणाहून वेगळे असल्यास जनगणना त्या व्यक्तीस स्थलांतरित मानते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. माणसे जागीच राहिली, सीमा सरकली. भाषा आणि सोयरिकी मात्र टिकल्या. त्यामुळे उदगीरची लेक भालकीत नांदायला आली, की ती आंतरराज्य स्थलांतरित ठरते. २०२०-२१ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातील स्त्रियांचा स्थलांतर दर ४७.९ टक्के, तर पुरुषांचा १०.७ टक्के आढळला. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांनी विवाह हे कारण सांगितले. म्हणून स्थलांतराचा प्रत्येक आकडा रोजगाराचा समजणे चुकीचे ठरते.

हंगामी स्थलांतर

वर्षभरात एक महिना ते सहा महिने कामासाठी गाव सोडणाऱ्यांना राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण अल्पकालीन स्थलांतरित म्हणते. कलबुर्गी परिसरातील तांड्यांवरून मुंबई-पुण्याकडे जाणारी बंजारा कुटुंबे या प्रकारात मोडतात. ती परत येतात, म्हणून कायम वास्तव्याच्या आकडेवारीत त्यांची ये-जा दिसत नाही.

याचा परिणाम थेट हक्कांवर होतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांची संख्या जनगणनेवरून ठरते. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च आहे आणि प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत, म्हणजे तांडे रिकामे असण्याच्या दिवसांत होते. गणनेच्या संपूर्ण काळात घरी नसलेल्या व्यक्तीची नोंद ती असेल तेथे व्हावी, असा नियम आहे. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत प्रगणक पोहोचला नाही, तर ते कुटुंब कर्नाटकातही मोजले जात नाही आणि गोव्यातही नाही.