कर्टिस चषक : एका हेतुवाक्याचा इतिहास

एखाद्या संस्थेचा इतिहास अभ्यासताना तिच्या स्थापनेच्या वेळी योजलेले शब्द आणि तिचा प्रत्यक्ष व्यवहार यांची तुलना करणे उद्‌बोधक ठरते. शब्द एकदाच कोरले जातात. व्यवहार मात्र काळाप्रमाणे पालटत राहतो. अशा तुलनेसाठी प्रस्तुत लेखात कर्टिस चषकाचे उदाहरण घेतले आहे. अमेरिका आणि ब्रिटिश बेटे येथील हौशी महिला गोल्फ खेळाडूंच्या संघांमध्ये १९३२ पासून या चषकासाठी सामने होत आले आहेत. बोस्टन येथील हॅरियट व मार्गारेट कर्टिस या भगिनींनी दिलेला हा चषक म्हणजे पॉल रिव्हियर या अमेरिकन रौप्यकाराच्या घाटाचे एक चांदीचे पात्र होय. अनेक देशांतील महिला गोल्फ खेळाडूंमध्ये मैत्रीच्या स्पर्धेला उत्तेजन मिळावे, अशा आशयाचे वाक्य त्यावर कोरलेले आहे. या वाक्यातील ‘स्पर्धा’, ‘महिला’ आणि ‘अनेक देश’ या तीन पदांचा, तसेच वाक्यात नसलेल्या परंतु व्यवहारात निर्णायक ठरलेल्या ‘हौशी’ या पदाचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘स्पर्धा’ या पदाकडे वळू. मूळ वाक्यातील इंग्रजी शब्द ‘रायव्हलरी’ हा आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘रिवुस’, म्हणजे ओढा, हा शब्द आहे. एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे जे शेजारी ते ‘रिवालिस’. आणि पाण्याच्या वाटणीवरून शेजाऱ्यांत तंटे होतात म्हणून पुढे ते प्रतिस्पर्धी. मराठीत ‘भाऊबंद’ या नातेवाचक शब्दापासून ‘भाऊबंदकी’ हा भांडणवाचक शब्द निघाला, त्यातही अर्थाचा प्रवास याच दिशेने झाला आहे. जवळीक आणि चढाओढ यांचे बीज एकच, ही जाणीव दोन्ही भाषांनी जपली आहे.

कर्टिस भगिनींच्या बाबतीत हा अर्थ अक्षरशः खरा होता. अमेरिकेची महिला हौशी गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा १८९५ मध्ये सुरू झाली. हॅरियटने ती १९०६ मध्ये जिंकली. पुढील वर्षी अंतिम सामन्यात तिच्यासमोर धाकटी बहीण मार्गारेट उभी राहिली आणि विजयी झाली. मार्गारेटने हे पद १९११ व १९१२ मध्येही मिळविले. १९०८ मध्ये तिने एव्हलिन सीअर्स हिच्यासह अमेरिकेचे टेनिसमधील महिला दुहेरीचे अजिंक्यपदही जिंकले होते. ज्या घरात अंतिम सामन्याचे दोन्ही पक्ष एकत्र राहत होते, त्या घरातून मैत्रीच्या स्पर्धेची कल्पना पुढे यावी यात नवल नाही.

या कल्पनेचा उगम १९०५ सालचा आहे. त्या वर्षी ब्रिटिश महिलांची अजिंक्यपद स्पर्धा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रोमर येथे भरली होती. तीत भाग घेण्यासाठी काही अमेरिकन महिला समुद्र ओलांडून गेल्या. त्यांत या दोघी भगिनी होत्या. त्या निमित्ताने ब्रिटिश व अमेरिकन खेळाडूंमध्ये एक अनौपचारिक सामना झाला व तो ब्रिटिश पक्षाने ६–१ असा जिंकला. असे सामने नियमाने व्हावेत, हा विचार तेथून रुजला.

विचार रुजण्यास आणि फळास येण्यास मात्र फार अंतर पडले. येथे पुरुषांच्या स्पर्धांशी तुलना करणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष जॉर्ज हर्बर्ट वॉकर यांनी १९२० मध्ये हौशी पुरुषांसाठी चषक देऊ केला आणि १९२२ मध्ये अमेरिका व ब्रिटिश बेटे यांच्यातील पहिला अधिकृत सामना पार पडला. व्यावसायिक पुरुषांची रायडर चषक स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली. कर्टिस भगिनींनी आपला चषक १९२७ मध्येच देऊ केला. पण पहिला अधिकृत सामना १९३२ मध्ये झाला. वॉकर चषकास दोन वर्षे लागली, कर्टिस चषकास पाच. आणि क्रोमरपासून मोजल्यास सत्तावीस. अडचण प्रामुख्याने प्रवासखर्चाची होती. मधल्या काळात, १९३० मध्ये, अमेरिकेची ग्लेना कॉलेट आणि इंग्लंडची मॉली गोरले यांनी पुढाकार घेऊन सनिंगडेल येथे एक अनधिकृत सामना घडवून आणला. असा सामना पार पाडता येतो, हे खेळाडूंनीच आधी दाखवून दिले; संघटनांची संमती त्यानंतर आली.

पहिला अधिकृत सामना २१ मे १९३२ रोजी इंग्लंडमधील वेंटवर्थ येथे झाला. ब्रिटिश संघाचे नेतृत्व जॉइस वेदरेड हिच्याकडे, तर अमेरिकन संघाचे मॅरियन हॉलिन्स हिच्याकडे होते. एकूण नऊ गुण पणाला होते : तीन जोडी-सामन्यांचे आणि सहा एकेरी सामन्यांचे. जोडी-सामन्यात एका पक्षाच्या दोन खेळाडू एकच चेंडू आळीपाळीने मारतात. म्हणून वैयक्तिक कौशल्याइतकेच परस्परांच्या खेळाचे ज्ञान तेथे आवश्यक असते. सकाळचे तिन्ही जोडी-सामने अमेरिकेने जिंकले. दुपारी एकेरी सामन्यांत ब्रिटिश बाजूने अधिक गुण मिळविले आणि वेदरेडने ग्लेना कॉलेटला नमविले. तथापि सकाळची तूट भरून निघाली नाही. अमेरिका ५½–३½ अशी विजयी झाली.

आता ‘महिला’ या पदाचा विचार करू. या स्पर्धेची जुनी गुणपत्रके पाहणाऱ्यास प्रथम नावांचा घोटाळा जाणवतो. ग्लेना कॉलेट ही विवाहानंतर ‘मिसेस एडविन व्हेअर’ या नावाने आढळते. १९३६ ची जेसी अँडरसन पुढे ‘मिसेस व्हॅलेंटाइन’ होते. फ्रान्सिस स्टीफन्स ‘मिसेस स्मिथ’ होते. विवाहोत्तर नामांतराची प्रथा महाराष्ट्रातही रूढ असल्यामुळे मराठी वाचकास ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. पुरुष खेळाडूची कारकीर्द एका नावाखाली सलग वाचता येते. स्त्री खेळाडूची कारकीर्द मात्र दोन नावांचा दुवा जुळविल्यावाचून पुरी होत नाही. स्वतःच्या हातांनी मिळविलेला विजय पतीच्या नावे नोंदला जात असे, ही गोष्ट इतिहासकाराने केवळ नोंदीतील गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

हाच प्रश्न स्थळांच्या बाबतीतही दिसतो. १९३६ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे जेसी अँडरसनने अखेरच्या हिरवळीवर निर्णायक पट साधला आणि सामना ४½–४½ असा बरोबरीत सुटला. परंतु बरोबरी झाल्यास चषक आधीच्या विजेत्याकडेच राहतो, या नियमाने तो अमेरिकेकडे राहिला. १९३८ नंतर महायुद्धामुळे सामने थांबले. त्या संघातील पॅम बार्टन, जिने १९३६ या एकाच वर्षी ब्रिटिश व अमेरिकन अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकली होती, ती हवाई दलाच्या महिला शाखेत सेवेत असताना १९४३ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावली. १९४८ मध्ये सामने पुन्हा सुरू झाले आणि १९५२ मध्ये स्कॉटलंडमधील म्यूरफील्ड येथे ब्रिटिश पक्षाने ५–४ असा पहिला विजय मिळविला. निर्णायक गुण एलिझाबेथ प्राइसने जिंकला. ज्या मैदानावर हा विजय मिळाला, त्याच्या क्लबात मात्र स्त्रियांना सभासदत्व नव्हते. ते देण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, म्हणजे त्या विजयानंतर पासष्ट वर्षांनी. सँडविच येथील रॉयल सेंट जॉर्जेस क्लबाने १९८८ चा सामना भरविला. तेथे स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. खेळण्यास या, परंतु सभासद म्हणून नव्हे, असा हा व्यवहार होता. चषकावरील ‘महिला’ हा शब्द क्लबांच्या घटनेत पोहोचण्यास असा दीर्घकाळ लागला.

‘हौशी’ हे पद चषकावरील वाक्यात नाही, हे वर सांगितलेच आहे. मराठी ‘हौस’ अरबी-फारसीतून आली, तिचा मूळ अर्थ तीव्र इच्छा. इंग्रजी ‘अ‍ॅमॅच्युअर’ लॅटिनमधील प्रेमवाचक धातूपासून फ्रेंचमार्गे आला. दोन्ही शब्द खेळणाराच्या मनाविषयी बोलतात. गोल्फचे नियम मात्र मनाविषयी नव्हे, तर पैशाविषयी बोलत. जॉइस वेदरेडने १९३३ मध्ये लंडनमधील एका मोठ्या दुकानाच्या गोल्फ विभागात नोकरी धरली आणि तिचा हौशी दर्जा गेला. परिणामी, त्या काळातील सर्वश्रेष्ठ मानली गेलेली ही खेळाडू १९३२ नंतर कर्टिस चषकात पुन्हा उतरली नाही. अमेरिकन संघातील हेलन हिक्स १९३४ मध्ये व्यावसायिक झाली. ज्यांना उपजीविकेची चिंता नव्हती त्यांचीच हौस टिकू शकत होती. म्हणजे मनोवृत्ती सांगणारा शब्द व्यवहारात सांपत्तिक स्थिती सांगू लागला होता. १९५० मध्ये अमेरिकेत महिला व्यावसायिकांची संघटना स्थापन झाल्यानंतर या शब्दाला तिसरी छटा आली. पूर्वी हौशी खेळ हीच स्त्रियांच्या गोल्फची परमावधी होती. त्यानंतर अनेकींच्या दृष्टीने तो व्यवसायाचा उंबरठा ठरला. १९७६ च्या संघातील नॅन्सी लोपेझ अल्पावधीतच व्यावसायिक गोल्फमधील अग्रगण्य खेळाडू झाली, हे याचे ठळक उदाहरण होय.

राहिले ‘अनेक देश’. या पदाची कसोटी सर्वांत कठीण आहे. आरंभी फ्रान्सलाही पुढे सामील करून घेण्याचा विचार होता. तरी सामने प्रारंभापासून दोनच पक्षांत होत आले. शिवाय त्यांपैकी एक पक्ष म्हणजे एक देश नव्हे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड येथील खेळाडू एकाच संघात खेळतात. आणि आयर्लंडचा मोठा भाग १९४९ पासून ब्रिटिश राष्ट्रकुलाबाहेरील स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. हा विसंवाद १९५८ मध्ये उघड झाला. १९४८ पासून सातत्याने संघात असलेल्या व १९५७ ची ब्रिटिश अजिंक्यवीर असलेल्या आयर्लंडच्या फिलोमेना गार्वे हिने, संघाच्या गणवेशावर केवळ ब्रिटनचा ध्वज हे चिन्ह राहणार असे ठरल्यावर, संघातून माघार घेतली. १९६० मध्ये ती पुन्हा खेळली. संघाच्या नावात स्थान असणे आणि संघाच्या चिन्हात स्थान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तिने एका नकाराने दाखवून दिले. संघाच्या दृष्टीने १९५८ चा सामना महत्त्वाचा होता : १९५६ मध्ये जिंकलेला चषक ४½–४½ या बरोबरीमुळे ब्रिटिश पक्षाकडे राहिला. तिने काय सोडले होते ते यावरून कळते. आयर्लंडच्या भूमीवर कर्टिस चषकाचा सामना प्रथम १९९६ मध्ये, किलार्नी येथे झाला.

‘अनेक देश’ या पदाची पूर्तता अन्यत्र झाली. फ्रान्स व ब्रिटिश बेटे यांच्या महिला संघांमध्ये १९३१ मध्ये सुरू झालेला व्हॅग्लियानो चषक १९५९ पासून युरोप खंड आणि ब्रिटिश बेटे यांच्यातील सामना झाला. तो चषक देणारे आंद्रे व्हॅग्लियानो यांची कन्या लाली सेगार हिच्या प्रयत्नांना मोठे यश १९६४ मध्ये आले. त्या वर्षी फ्रान्समध्ये महिलांची जागतिक हौशी सांघिक स्पर्धा, म्हणजे एस्पिरितो सांतो चषक, प्रथम खेळली गेली. २५ देशांचे संघ आले आणि यजमान फ्रान्सने अमेरिकेला अवघ्या एका फटक्याने मागे टाकले. कर्टिस भगिनींनी चषकावर जे कोरले ते शब्दशः प्रथम येथे साकार झाले. मार्गारेट कर्टिस १९६५ मध्ये निधन पावली. त्याआधी एक वर्ष ही स्पर्धा सुरू झाली होती.

मूळ सामन्याची वाटचालही थांबली नाही. १९६४ पासून गुण नवाचे अठरा झाले. २००८ पासून सामना तीन दिवसांचा व वीस गुणांचा आहे. १९६० पासून सलग तेरा वेळा अमेरिका जिंकली. ती मालिका १९८६ मध्ये कॅन्सस राज्यातील प्रेअरी ड्यून्स येथे तुटली : पाहुण्या संघाने १३–५ असा विजय मिळविला. रायडर चषकात अमेरिकेचा स्वगृही पहिला पराभव १९८७ मध्ये, तर वॉकर चषकात १९८९ मध्ये झाला. म्हणजे अमेरिकेस तिच्याच भूमीवर प्रथम हरविण्याचा मान स्त्रियांनी मिळविला. २०१४ मध्ये मरायाह स्टॅकहाउस ही अमेरिकन संघात निवडली गेलेली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. २०२४ पर्यंत झालेल्या ४३ सामन्यांपैकी अमेरिकेने ३१ व ब्रिटन-आयर्लंडने ९ जिंकले, ३ बरोबरीत सुटले. २०२४ चा सामना सनिंगडेल येथेच झाला व ब्रिटन-आयर्लंडने तो १०½–९½ असा जिंकला.

या विवेचनाचा निष्कर्ष असा. हेतुवाक्यातील ‘स्पर्धा’ प्रारंभापासून खरी होती, कारण ती वाक्याच्याही आधी दोन बहिणींच्या खेळात अस्तित्वात होती. ‘महिला’ हे पद मैदानावर लवकर व सभासदांच्या यादीत फार उशिरा खरे ठरले. ‘अनेक देश’ हे पद या चषकाने नव्हे, तर त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या स्पर्धांनी खरे केले. आणि एका आयरिश खेळाडूच्या नकाराने ‘देश’ म्हणजे काय हेच आधी विचारले. सबब संस्थांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी कोरीव वाक्यांना वस्तुस्थितीचे वर्णन समजू नये. ती एक मागणी असते. तिची पूर्तता कोणी, कोठे आणि किती विलंबाने केली याचा हिशेब मांडणे, हे इतिहासलेखनाचे काम आहे.