‘बहिणा’ या नावाची पूर्वपीठिका

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी आपण ख्रिस्तमंदिराच्या भिंतींचा, वेदीचा व घंटेचा इतिहास लिहितो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु स्नानसंस्काराच्या नोंदवहीत जी नावे लिहिली जातात, त्यांनाही इतिहास असतो. भिंत कोणी बांधली हे आपण विचारतो. पण आजीचे नाव कोठून आले, ते कोणी प्रथम धारण केले आणि नातीला ते का दिले गेले नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून या अंकाच्या निमित्ताने आपल्या खानदेशातील एका विरळ स्त्रीनामाची हकीकत वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे. ते नाव म्हणजे ‘बहिणा’. या हकीकतीच्या शेवटी एक व्यवहाराचा प्रश्नही उभा राहतो. आपल्या मातीतले असे नाव ख्रिस्ती कन्येस द्यावे की न द्यावे, हा तो प्रश्न होय.

या नावाचा शोध घेण्यास आपले पहूर हे ठिकाण मोठे सोयीचे आहे. वाघूर नदीकाठच्या आपल्या या गावातून उत्तरेकडे जाणारा रस्ता जळगावास पोचतो, आणि जळगावालगतच आसोदे हे गाव आहे. दक्षिणेकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट चढून मराठवाड्यात उतरतो; त्याच प्रदेशात पुढे वेरूळच्या आसमंतात देवगाव आणि वैजापूर तालुक्यात शिऊर ही गावे आहेत. बहिणा हे नाव ज्या दोन स्त्रियांमुळे महाराष्ट्राच्या मुखी झाले, त्यांपैकी एक दक्षिणेस देवगावी जन्मली व दुसरी उत्तरेस आसोद्यास. आपण या दोन जन्मभूमींच्या मध्ये राहतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृत ‘भगिनी’ या शब्दाचे प्राकृतात ‘बहिणी’ असे रूप झाले व त्यापासून मराठीत ‘बहीण’ हा शब्द आला. हिंदीतील ‘बहन’ व गुजरातीतील ‘बेन’ ही त्याचीच भावंडे होत. शेजारच्या गुजरातेत हा शब्द प्रत्येक स्त्रीच्या नावाच्या शेवटी आदरार्थ जोडतात. महाराष्ट्रात त्या ठिकाणी ‘बाई’ अथवा ‘ताई’ येते. परंतु ‘बहिणा’ या नावात नात्याचा शब्द शेपटासारखा मागून आलेला नसून तोच मूळ नाव झालेला आहे. खानदेशी बोलीत ‘ण’चा उच्चार ‘न’ होत असल्याने येथे ते ‘बहिना’ असेच ऐकू येते.

नात्याच्या शब्दावरून नाव ठेवण्याची चाल आपल्यात नवी नाही. भाऊराव, बापूराव, दादासाहेब ही पुरुषांची नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. मात्र बहुतेक स्त्रीनामे देवतांची, नद्यांची, पुण्यक्षेत्रांची अथवा पुराणातील सतींची असत. आसोद्याच्या ज्या महाजन कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला, तेथील बहिणींची नावे पाहा : अहिल्या, सीता, तुळसा आणि बहिणा. पहिली दोन पुराणातली, तिसरे वृंदावनातले, आणि चौथे मात्र घरातल्या नात्याचे. त्यात देवतेचे नाव नाही, संपत्तीचे नाही, रूपाचेही नाही.

आता या नावाच्या दोन धारिणींकडे वळू. पहिल्या संत बहिणाबाई. त्यांचा काळ इ. स. १६२८ ते १७०० असा मानतात. देवगावच्या ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला आणि अवघ्या तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न लागले. पुढे कुटुंबास गाव सोडावे लागले आणि ठिकठिकाणी भटकत सर्व मंडळी कोल्हापुरास आली. तेथे तुकाराम महाराजांचे अभंग ऐकून त्यांचे चित्त त्यांच्याकडे वेधले, आणि स्वप्नात महाराजांचा उपदेश झाला असे त्यांनी स्वतःच सांगून ठेविले आहे. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानलेल्या पुरुषास गुरू करावे हे पतीस साहवले नाही. त्यापायी त्यांना मारही खावा लागला. त्यांनी संसार टाकला नाही व निष्ठाही सोडली नाही. आपल्या आयुष्याची कथा त्यांनी अभंगांत सांगितली. सतराव्या शतकातील एका मराठी स्त्रीचे स्वमुखाने सांगितलेले चरित्र या दृष्टीने तिचे मोल फार थोर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी १९२९ साली या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने या बाईंचे शब्द परदेशी वाचकांपर्यंत नेले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाईंची समाधी शिऊर येथे आहे.

दुसऱ्या बहिणाबाई चौधरी. यांचा जन्म आसोदे येथे १८८० साली नागपंचमीच्या दिवशी झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह झाला आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान व काशी ही तीन मुले. अक्षरओळख नाही, दिवस शेतात, चुलीपाशी आणि खानदेशात ज्याला घरोट म्हणतात त्या जात्यापाशी जाई. हात कामात असता मुखातून गाणी येत. ती त्यांचे पुत्र कवी सोपानदेव व मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरून घेतली. दिनांक ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर ती गाणी आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली व १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. म्हणजे आपले नाव पुस्तकावर छापलेले त्यांनी कधी पाहिले नाही. आणि पाहिले असते तरी ते त्यांना वाचता आले नसते.

पुढे त्या नावाचा मान वाढतच गेला. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले; २०१८ साली त्यास ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी शाळेची पायरी चढली नाही, त्यांच्या नावाची पदवीपत्रे आज खानदेशातील मुले-मुली घरी नेतात. लोक प्रेमाने त्यांना ‘बहिणाई’ म्हणतात. बहीण आणि आई अशी दोन नाती त्या एका हाकेत सामावली आहेत.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसून येते. नावाची कीर्ती वाढली, पण नाव ठेवण्याची चाल मात्र मागे पडली. विद्यापीठाला जे नाव भूषण वाटते, ते पाळण्यातल्या मुलीस आज क्वचितच मिळते. याची कारणे काय असावीत? माझ्या मते तीन दिसतात. पहिले, ‘बाई’ या शब्दाची उतरलेली प्रतिष्ठा. एके काळी अहिल्याबाई, लक्ष्मीबाई अशा नावांचे ते आदराचे लेणे होते. शहरांत तोच शब्द घरकाम करणारीस हाक मारण्यास उरला. दुसरे, लहान, सुटसुटीत व नव्या धर्तीच्या नावांची ओढ. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. पूर्वी पतिपत्नी एकमेकांस नावाने हाक मारीत नसत; पती ‘अगं’ म्हणे अथवा मुलाच्या नावाने हाक मारी. त्यामुळे पत्नीचे नाव ‘बहिणा’ असले तरी अडचण कसली नव्हती. आता नावाने हाक मारणे हीच रीत झाली आहे, आणि पत्नीस ‘बहिणा’ म्हणणे कोणासही अवघड वाटेल. घरातली रीत बदलली, आणि नाव मागे राहिले.

नावाची लोकप्रियता कशी वाढते व कशी टिकते, याचे एक उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेतही आहे. फिलोमिना हे नाव आपल्या घराघरांत ऐकू येते. १८०२ साली रोम येथील प्रिस्किल्लेच्या भुयारी दफनभूमीत एक थडगे सापडले. त्यावरील विटांवर अक्षरे होती. विटांचा क्रम जुळवून ती ‘फिलोमिना’ अशी वाचली गेली. १८०५ साली ते अवशेष इटलीतील मुन्यानो येथे नेण्यात आले. आर्स गावचे धर्मगुरू संत योहान वियान्नी यांच्या भक्तीमुळे ते नाव युरोपभर पसरले व पुढे हिंदुस्थानातही आले. म्हैसूरचे भव्य ख्रिस्तमंदिर त्याच नावाचे आहे. १९६१ साली रोमच्या आज्ञेने तो सण दिनदर्शिकांतून काढण्यात आला. तरीही नाव राहिले, कारण तोवर ते आज्यांचे, मावश्यांचे, आत्यांचे झाले होते. तात्पर्य, नाव टिकते ते ज्यांनी ते चांगले चालविले त्यांच्या आठवणीमुळे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्ती कन्येचे नाव ‘बहिणा’ ठेवता येईल काय? १९१७ च्या धर्मसंहितेत असा नियम होता की, धर्मगुरूने मुलास ख्रिस्ती नाव मिळेल असे पाहावे. आईबाप ऐकत नसतील तर त्यांनी दिलेल्या नावास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवहीत लिहावी. १९८३ च्या संहितेत एवढेच म्हटले आहे की, ख्रिस्ती भावनेस परके असे नाव देऊ नये. आता ‘बहीण’ हा शब्द ख्रिस्ती भावनेस परका आहे, असे कोण म्हणेल? जो कोणी पित्याच्या इच्छेप्रमाणे वागतो तो आपला भाऊ, बहीण व आई, असे प्रभू येशूने सांगितले. संत पौल रोमकरांस पत्र लिहिताना फिबीची ओळख ‘आपली बहीण’ अशीच करून देतो. ती फिबी तर ग्रीक पुराणातले नाव धारण करणारी होती. तिने ते टाकले नाही व कोणी टाकावयास लाविलेही नाही. आपल्या महाराष्ट्रातही पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या रमाबाईच राहिल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या टिळकांच्या लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या. आपल्या रुग्णालयांत व शाळांत सेवा करणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांना आपण कोणत्या नावाने ओळखतो? धर्मभगिनी. मग जे नाते आपण त्यागाचे व सेवेचे चिन्ह मानतो, ते पाळण्यात परके कसे ठरावे?

अमुक एक नाव ठेवाच, असा आग्रह धरण्याचा हेतू नाही. मारिया, तेरेजा, फिलोमिना ही नावे आपली आहेत व राहतील. आणि पत्नीस हाक मारण्याची जी अडचण वर सांगितली, तीही खरी आहे. परंतु नावे दोन ठेवण्यास कोणाची हरकत आहे? हाकेस एक व आठवणीस एक, अशी दोन्ही नोंदवहीत लिहिता येतात. ज्या घरात आजी वा पणजी बहिणा होती, त्या घराने तिचे नाव जुनाट म्हणून पुसून टाकू नये. नातीच्या नावात त्यास जागा द्यावी. विद्यापीठाच्या कमानीवरील अक्षरे कारागीर कोरतात. पण घरात हाक मारावयास कोणी उरले नाही, तर नावाचे नुसते अक्षर राहते. या महोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या जुन्या स्त्रियांची नावे एका कागदावर लिहून काढावी व मुलांस वाचून दाखवावी, एवढीच विनंती आहे. परमेश्वर आपल्या सर्व कुटुंबांस आशीर्वाद देवो.