बेळगावचे सेवादल

सेवा हा शब्द आम्हां देवस्थानाशी बांधलेल्या लोकांना नवा नाही. पालखीला खांदा देणे, समाराधनेच्या पंक्तीत वाढणे, उत्सवानंतर प्राकार झाडून काढणे ही कामे आमच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पण देवळाच्या दीपमाळेपलीकडे, अनोळखी माणसांसाठी, शिस्तीने व संघटितपणे केलेली सेवा आमच्या बेळगावने ठळकपणे कधी पाहिली, असे कोणी विचारल्यास आम्ही डिसेंबर १९२४ कडे बोट दाखवू.

त्या महिन्याच्या २६ व २७ तारखांना राष्ट्रसभेचे अधिवेशन बेळगावी भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकच अधिवेशन. सारी सिद्धता गंगाधरराव देशपांडे यांनी अंगावर घेतली होती. अधिवेशनाच्या जागेस विजयनगर हे नाव दिले गेले, पाण्यासाठी विहीर खोदून तिला पंपासरोवर म्हटले गेले. ती विहीर टिळकवाडीच्या बाजूस आजही उभी आहे. या वैभवाची वर्णने पुष्कळ झाली आहेत, म्हणून ती येथे पुन्हा करीत नाही. आमचे लक्ष आहे ते या नगरीत राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे.

त्यांचे नायक डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर. जन्म १८८९ चा, धारवाडचा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि तेथेच लाला लजपतरायांच्या स्वराज्यविषयक चळवळीत काम केले. स्वदेशी परतल्यावर हुबळीस त्यांनी सेवा मंडळ उभारले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगाच्या हालांनी अनेकांचा धीर सुटला आणि त्यांनी माफी लिहून दिली. हुबळीच्या मंडळींनी मात्र ती दिली नाही. या गोष्टीचा देशभर बोलबाला झाला, व त्याच वर्षाअखेर काकीनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना ठरली. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू झाले. कामाचा भार हर्डीकरांवर राहिला, आणि वर्षभरातच बेळगावची कसोटी समोर आली.

येथे आमच्या कोंकणी वाचकांना आपुलकी वाटावी अशी दोन नावे येतात. पहिले उमाबाई कुंदापूर यांचे. हुबळीस स्त्रीशिक्षणाच्या कामात असलेल्या या विधवा बाईंनी अधिवेशनासाठी सुमारे १५० स्त्रियांचे पथक जमविले. त्यांतही विधवा पुष्कळ होत्या. ज्या काळी विधवेने मंगलकार्यात समोर येऊ नये असा दंडक होता, त्या काळी या बाया हजारो लोकांच्या मांडवात व्यवस्था राखीत उभ्या राहिल्या. आमच्या मते त्या अधिवेशनातील कोणत्याही ठरावापेक्षा हे दृश्य कमी मोलाचे नव्हते.

दुसरे नाव काकासाहेब कालेलकरांचे. सावंतवाडीकडील कालेली गावावरून ज्या घराण्याचे आडनाव पडले त्यातील हे पुरुष बेळगावला परके नव्हते. १९१० च्या सुमारास ते येथील गणेश विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. १९२४ साली त्यांनी मागून घेतले ते छावणीच्या सफाईचे काम. त्यांच्या हाताखाली ७५ स्वयंसेवक होते, आणि त्यांतील बहुतेक ब्राह्मण होते. चर खणणे, मैला मातीने झाकणे, जागा स्वच्छ करणे ही कामे त्यांनी आनंदाने केली. गांधीजींनी त्यांची मनापासून वाखाणणी केली.

परंतु वकिली सवयीने आम्ही हा पुरावा उलटसुलट करून पाहतो, तेव्हा एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. या पथकाखेरीज नगरपालिकेचे भंगीही त्या कामावर होते. त्यांचे कौतुक कोणी केल्याचे वाचनात येत नाही. ७५ जणांनी काही दिवस केले ते व्रत ठरले. यांनी जन्मभर केले तो त्यांचा विटाळ ठरला. अधिवेशन संपताच एकजण केरसुणी खाली ठेवून घरी गेला, दुसऱ्याला ती खाली ठेवण्याची मुभा नव्हती. कालेलकरांच्या निष्ठेवर आमचा मुळीच आक्षेप नाही. मात्र २७ डिसेंबरला तेथेच अस्पृश्यता-निवारण परिषद भरली, गांधीजी तीत बोलले, आणि तरी ज्या देवळांत आम्ही सेवा करतो म्हणून अभिमान बाळगत होतो, त्यांची दारे पुढेही अनेक वर्षे बंदच राहिली.

याचे उत्तर फार दूरवरून आले नाही. चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, याच जिल्ह्यातील निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांची बहिष्कृत हितकारिणी सभा आदल्या वर्षी मुंबईत स्थापन झाली होती, आणि १९२५ च्या आरंभी सोलापुरास तिने विद्यार्थी वसतिगृह उघडले होते. ज्यांची सेवा करावी असे विजयनगरीत बोलले गेले, ते निपाणीस स्वतः संघटित होऊन आपले म्हणणे मांडीत होते. तंबाखूच्या पेठेचे गाव म्हणून निपाणीची ओळख सांगणारे आम्ही ही परिषद सहसा सांगत नाही.

सेवादलाची पुढील हकीकत थोडक्यात अशी. कमलादेवी चट्टोपाध्याय स्त्री-विभागात आल्या, शिबिरे भरली. १९३१ साली काँग्रेस कार्यसमितीने दल आपल्या थेट नियंत्रणाखाली घेतले, आणि १९३२ साली सरकारने ते बेकायदा ठरविले. गंगाधररावांनी आपले बळ हुदलीच्या खादीकामात वेचले. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन त्याच खेड्यात झाले. सीमावादामुळे पुढे या माणसांची मराठी व कानडी अशी वाटणी करण्याची चाल पडली. गंगाधररावांनी आत्मकथा मराठीत लिहिली आणि पुढारीपण कर्नाटक काँग्रेसचे केले. ज्याला वाटणी करावयाची असेल त्याने खुशाल करावी.

हर्डीकरांनी १९२९ साली गोकाक तालुक्यातील घटप्रभेस कर्नाटक आरोग्य संस्था स्थापली होती. दलावर बंदी आली तरी रुग्णालय राहिले. हर्डीकर १९७५ साली वारले, आणि घटप्रभेच्या त्या संस्थेच्या दारात बेळगाव जिल्ह्यातील खेडूत रुग्ण त्यानंतरही येत राहिले.