सावरीची तारीख

आमच्या आजीनं वसंत ऋतू कधी कॅलेंडरात शोधला नाही. बेळगावला माझ्या माहेरच्या घरामागे एक सावर आहे. तिची जाड लाल फुलं परसात टपटप पडायला लागली, की आजी म्हणायची, "चला गं, पापडाची डाळ काढा." पण कुठल्या साली कुठल्या दिवशी फुलं पडली, हे तिनं कधी लिहून ठेवलं नाही. घरच्या वहीत दूध, वाणी, धोबी. फुलाला तिथं कोण जागा देणार?

इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात मात्र एका गृहस्थांनी ती दिली. रॉबर्ट मार्शम हे तिथले जमीनदार, झाडं लावायचं भारी वेड. १७३६ पासून त्यांनी वसंताच्या खुणा टिपायला घेतल्या. स्नोड्रॉपचं पहिलं पांढरं फूल, ओकची पहिली पालवी, बेडकांचं डरावणं, दूरदेशाहून परतलेली भिंगरी, कुकू पक्ष्याची पहिली साद, अशा एकूण २७. १७८९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्या नोंदी छापल्या. (घरात नोकरचाकर असले की झाडाकडं बघायला सवड मिळते, हेही खरंच म्हणा!)

मला नवल वाटतं ते पुढचं. १७९७ मध्ये मार्शम वारले, पण वही मिटली नाही. मधली काही वर्षं सुटली, तरी पिढ्यान्‌पिढ्या घरातलं कुणी ना कुणी लिहीत राहिलं. शेवटी मेरी मार्शम यांनी १९५८ पर्यंत नोंदी ठेवल्या. पुढे शास्त्रज्ञांनी त्या तारखा तापमानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. थंडी कमी पडली, की त्या साली ओकला पालवी लवकर फुटलेली दिसली. मार्शम काही हवामानबदल सिद्ध करायला बसले नव्हते. दिसलं ते लिहिलं, एवढंच.

आमच्याकडं तेवढंच राहून गेलं. हल्ली सावर लवकर फुलते, असं मी म्हणते. भावजय म्हणते, "वन्सं, पूर्वीपण अशीच फुलायची की." दोघींत खरी कोण, हे ठरवायला कागदाचा एक चिटोराही नाही.

यंदा तिला सांगून ठेवलं होतं, पहिलं फूल दिसलं की फोन कर. तिचा फोन आला तेव्हा मी हिशेबच लिहीत होते. त्याच पानावर लिहिलं : २ फेब्रुवारी. दूध दोन लिटर. सावर, पहिलं फूल.