चर्च रॉकचं पाणी

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा इकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन ग्रँड कॅन्यनला निघालो होतो. वाटेत न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावी मुक्काम पडला. सकाळी बाबा सवयीप्रमाणे फेरफटका मारून आले आणि म्हणाले, "नदी म्हणे! अरे, आपला ओढा बरा." पुएर्को नदी. कोरडं, मातकट पात्र. स्पॅनिशमध्ये पुएर्को म्हणजे घाणेरडा. तेव्हा आम्ही सगळे हसलो. घरी परतल्यावर सहज म्हणून त्या नदीबद्दल वाचायला बसलो आणि हसू मावळलं.

गॅलपजवळच्या चर्च रॉक इथे युनायटेड न्यूक्लियर कॉर्पोरेशनचा युरेनियमचा कारखाना होता. खनिज दळायचं, आम्लात टाकून युरेनियम काढून घ्यायचं आणि उरलेला चोथा पाण्यासकट मातीच्या बांधामागे साठवायचा, असं ते काम. या बांधाला १९७७ मध्येच भेगा दिसल्या होत्या. १६ जुलै १९७९ च्या पहाटे तो फुटला. सुमारे ११०० टन गाळ आणि ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी पुएर्कोत शिरलं आणि गॅलपमधून थेट ॲरिझोनापर्यंत, सुमारे १३० किलोमीटर गेलं.

आता मला न कळलेली गोष्ट अशी, की युरेनियम तर काढून घेतलं, मग चोथ्याला एवढं का भ्यायचं? उसाचा रस काढला की चिपाडात काय उरतं? पण इथे हिशोब नेमका उलटा आहे. खनिजातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग चोथ्यातच राहतो! युरेनियमच्या विघटनातून लाखो वर्षांत तयार झालेलं थोरियम आणि रेडियम कारखान्याला नको असतं, ते तिथेच पडतं. थोरियम-२३० निम्मं व्हायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतात. त्याच्यापासून रेडियम बनत राहतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू. म्हणजे कारखाना चालतो काही वर्षं, आणि मातीच्या बांधाने टिकायचं हजारो वर्षं.

नदीकाठी राहणारे बहुतेक लोक नवाहो. मेंढरं राखणारे. जनावरं याच नदीवर पाणी प्यायची. त्यांना वेळेवर इशारा मिळाला नाही, आणि सूचना देण्याची सरकारी योजना होती ती फक्त इंग्रजीतून. नवाहोंनी हा आपद्ग्रस्त भाग जाहीर करा म्हणून मागणी केली. गव्हर्नर ब्रूस किंग यांनी ती मानली नाही. चार महिन्यांच्या आत कारखाना पुन्हा सुरू! तो कायमचा बंद झाला १९८२ मध्ये.

१९७९ च्याच मार्चमध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा अपघात झाला होता. तो जगाला ठाऊक आहे. चर्च रॉक मात्र, अमेरिकेतली किरणोत्सर्गी कचऱ्याची सर्वांत मोठी सांड म्हणून नोंद असूनही, विस्मरणात गेलं. आणखी एक योगायोग म्हणजे पहिल्या अणुबाँबची चाचणीही न्यू मेक्सिकोतच, १६ जुलैलाच झाली होती, १९४५ साली. ती तारीख शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? तारापूर-जैतापूरवर आपण तावातावाने वाद घालतो तो अणुभट्टीबद्दल. झारखंडमधल्या जादूगोड्यात १९६७ पासून युरेनियम निघतंय, तिथेही आदिवासी वस्त्यांच्या शेजारी चोथ्याची तळी आहेत, हे किती जणांच्या बोलण्यात येतं? मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. पण विजेचा हिशोब भट्टीपासून मांडायचा आणि खाण वगळायची, हे काही बरोबर नाही.

नवाहोंनी २००५ साली आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामाला कायद्यानेच बंदी घातली. पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी तोवर त्यांच्या वाट्याला आल्या होत्या.

फोनवर हे सगळं बाबांना सांगितलं. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "त्यांच्या भाषेत सांगायला एक माणूसही पाठवला नाही?"