बेरजेने निदान होत नाही

रक्तवाहिन्यांना दाह आणणाऱ्या आजारांसाठी अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये नवे निकष मांडले. लक्षणांना आणि तपासण्यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, की आजाराचे नाव तयार. त्यामुळे निदान सोपे झाले, असे अनेकांना वाटते. या मताला आधार नाही असे नाही. हे आजार विरळ आहेत. मोजपट्टी एक नसेल, तर पुण्याच्या आणि लंडनच्या रुग्णांची तुलना होणार कशी?

पण पुण्याजवळच्या तळेगाव दाभाड्यात, जिथे क्षयही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, हे मत टिकत नाही. या आजारांपैकी जीपीए, म्हणजे पूर्वीचा वेगेनरचा आजार, घेऊ. त्याच्या वर्गीकरणाला ५ गुण पुरतात. फुप्फुसातल्या पोकळीला २ आणि पीआर-३ प्रतिपिंडांना ५ गुण आहेत. पोकळी क्षयातही पडते, आणि काही क्षयरुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडेही आढळतात. म्हणजे निव्वळ क्षयाचा रुग्ण ७ गुण घेऊन जीपीएत जमा होईल. त्याला स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड सुरू केले, तर प्रतिकारशक्ती दबेल आणि क्षय मोकाट सुटेल.

रुग्णाचे काम विचारा म्हणजे उलगडा होईल, असे कोणी म्हणेल. जवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात तोही आधार अपुरा आहे. फाउंड्रीतल्या सिलिकाच्या धुळीचा संबंध क्षयाशी आहे, तसाच प्रतिपिंडांशी निगडित रक्तवाहिनीदाहाशीही आहे.

मग निकष चुकले का? नाही. त्यांचे काम वेगळे आहे. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत या दाहाची खूण सापडली, तर डॉक्टरला तो भक्कम पुरावा वाटतो. जीपीएच्या तक्त्यात मात्र तिला जेमतेम १ गुण. कारण ती खूण मायक्रोस्कोपिक पॉलीअँजायटिस या भावंड आजारातही सापडते, आणि तक्त्याला या भावंडांना एकमेकांपासून वेगळे काढायचे आहे. क्षय आणि दाह यांत निवाडा करणे हे त्याचे कामच नव्हे. दाहाचे निदान आधी झालेले असावे आणि तसेच दिसणारे आजार वगळलेले असावेत, ही अट निकषकारांनीच घातली आहे.

म्हणून तळेगावच्या मायमर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असो की गावातल्या दवाखान्यात, क्रम ठरलेला हवा: आधी बेडक्याची सीबीनॅट ही क्षयाची चाचणी, लघवीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, गरज पडली तर बायोप्सी. निदान तिथे होते. बेरीज त्यानंतर, कोणता रुग्ण कोणत्या अभ्यासगटात घ्यायचा हे ठरवण्यापुरती.