पळणं: आधी लक्षण, मग औषध

सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. आता तिथे स्मारक आहे. त्यांची गोष्ट इथल्या पोरांना शाळेतच पाठ होते. जन्म १९१०, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिक्षण. १९३८ साली काँग्रेसनं युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे होते. बाकीचे चौघे परत आले, कोटणीस आले नाहीत. डोंगरदऱ्यांत सैन्याबरोबर पायपीट करत शेकडो ऑपरेशन्स केली, बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले, तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं. मुलगा जेमतेम तीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय ३२. पुढे १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर पिक्चर काढला आणि कहाणी अमर झाली.

कशानं गेले? अपस्माराच्या झटक्यांनी. गोष्ट सांगताना हे वाक्य सगळ्यात शेवटी येतं आणि पटकन संपतं.

आपल्याकडे आजार असाच सांगतात. मेंदूचा आणि तोही तरुण माणसाचा असेल तर हमखास. आधी कर्तृत्व, मग आजार, मग लगेच पूर्णविराम. जिवंत माणसाच्या आजाराबद्दल मात्र चूप. चूप बसण्याला कारणंही होती. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके लग्नाला अडसर ठरवले होते. तो शब्द कायद्यातून वगळला गेला १९९९ साली. म्हणजे तुम्ही-आम्ही वायटूकेच्या गप्पा मारत होतो तेव्हा!

पण काही आजारांत ही पद्धत चालतच नाही. पस्तिशीत पार्किन्सन्स झाला तर माणूस पुढे तीस-तीस वर्षं जगतो. नोकरी, होम लोन, मुलांच्या शाळा, सगळं त्या आजारासकट करायचं असतं. इथे आजार गोष्टीच्या मध्यावर येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. आजचा विषय हाच: तरुणपणी आलेला पार्किन्सन्स, त्यात पळणारी माणसं, आणि आजार उघडपणे सांगणारी माणसं. खरं तर ही एकाच इतिहासाची दोन टोकं आहेत.

सुरुवात १८१७ पासून. लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरनं थरथरणाऱ्या लकव्यावर एक छोटा निबंध छापला. एकूण पेशंट सहा. त्यातले दोघे त्याला रस्त्यात भेटलेले, आणि एकाला तर त्यानं नुसतं लांबूनच पाहिलेलं. आजच्या रिव्ह्यूअरनं हा डेटासेट बघून पेपर परत पाठवला असता :) पण माणसाची नजर तेज. त्यानं आजाराची जी व्याख्या केली तिच्यात थरथर आहे, पुढे वाकलेलं धड आहे, आणि एक विचित्र गोष्ट आहे: चालता चालता माणूस नकळत पळायला लागतो. पावलं आखूड होत जातात, वेग वाढत जातो, जणू स्वतःच्या तोलाचा पाठलाग चाललाय. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही.

म्हणजे या आजाराच्या इतिहासात पळणं पहिल्यांदा आलं ते लक्षण म्हणून.

पुढे फ्रान्सच्या शार्कोनं आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. १८८६ साली इंग्लंडच्या गावर्सनं एक रेखाचित्र छापलं: वाकलेला म्हातारा, कोपरात दुमडलेले हात, निर्विकार चेहरा. हे चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढची शंभर वर्षं पार्किन्सन्स म्हणजे तो म्हातारा. त्या चित्रात तिशीतल्या माणसाला जागाच नव्हती.

आत नक्की काय बिघडतं ते कळायला १९५७ उजाडलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसननं सशांना रेसरपिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेतून निघतं. ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, तर ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन लागतं आणि एल-डोपापासून ते बनतं, हा त्यातला धागा. १९६० साली व्हिएन्नात पार्किन्सन्सच्या मृत पेशंट्सच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा सापडला. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियासनं एल-डोपाचे मोठे डोस तोंडावाटे देऊन दाखवले आणि खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालायला लागली. कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे एल-डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत असतं, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच छापलं होतं, आणि १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी मुंबईत या बियांचा पार्किन्सन्सवर वापर करून पाहिला. (म्हणून कुणी बिया आणून चावू नका. डोस हा गमतीचा विषय नाही.)

एल-डोपानं मोठा प्रश्न सुटला, पण तरुण पेशंटचा अर्धाच. १९८७ साली क्विन, क्रिचली आणि मार्सडेन या लंडनच्या न्यूरॉलॉजिस्टांनी २१ ते ४० या वयात सुरू होणाऱ्या पार्किन्सन्सचा वेगळा गट मांडला. (आज काही जण ही रेषा ५० पर्यंत नेतात.) या गटात आजार सहसा हळू पुढे सरकतो, पण गोळ्यांचे दुष्परिणाम लवकर दिसतात. अंग आपोआप वेडंवाकडं हलतं. गोळीचा अंमल असेपर्यंत माणूस ‘ऑन’, उतरला की ‘ऑफ’. सकाळी दहाच्या मीटिंगला धडधाकट असलेला माणूस साडेअकराला शर्टाचं बटण लावू शकत नाही. बघणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय, नाहीतर घेऊन आलाय.

मायकेल जे. फॉक्स हा ‘बॅक टू द फ्यूचर’चा हीरो. १९९१ साली त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्यानं सात वर्षं लपवलं. डाव्या हाताची थरथर दिसू नये म्हणून हातात काहीतरी धरायचं, सीनच्या वेळा गोळीच्या वेळेशी जुळवायच्या. १९९८ साली त्यानं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन सिनेटसमोर साक्ष द्यायला गेला तेव्हा मुद्दाम गोळी न घेता गेला. लोकांना आजार जसा असतो तसा दिसावा म्हणून. २००० मध्ये त्यानं संशोधनासाठी फाउंडेशन काढलं. गावर्सच्या म्हाताऱ्याशेजारी आता एक तरुण चेहरा आला.

आणि मग पळणारे आले. जिमी चोई या अमेरिकन माणसाला २००३ साली निदान झालं, वय २७. कित्येक वर्षं त्यानं दुर्लक्ष केलं, वजन वाढलं, काठी आली. एके दिवशी तान्ह्या मुलाला घेऊन जिना उतरताना तो पडला. बाळाला लागलं नाही, पण त्या पडण्यानं याला जाग आली. आधी चालणं, मग पाच किलोमीटर, मग २०१२ साली शिकागोची फुल मॅरेथॉन. २०१७ पासून तो ‘अमेरिकन निंजा वॉरियर’ या अडथळ्यांच्या शोमध्ये दिसला.

तरी मला त्याचं आवडलेलं काम वेगळंच आहे. २०२० च्या अखेरीस त्यानं एक व्हिडिओ टाकला: थरथरत्या बोटांनी डबीतून इवलीशी गोळी काढायची धडपड. तक्रार साधी, थरथरीवरची गोळी इतकी बारीक का? ते पाहून एका अनोळखी माणसानं एका वेळी एकच गोळी बाहेर देणारी बाटली डिझाइन केली, थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांनी हातभार लावला, आणि डिझाइन सगळ्यांना खुलं झालं. बग रिपोर्ट कसा लिहावा याचं इतकं चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, पळून खरंच फरक पडतो की नुसती प्रेरणादायी स्टोरी? २००३ साली जे अल्बर्ट्स हा अमेरिकन संशोधक एका पार्किन्सन्सच्या पेशंटबरोबर दोन सीटच्या सायकलवर आयोवा राज्य पार करायला निघाला. जोरात पॅडल मारायला लागल्यावर तिचं अक्षर सुधारलं. तिथून त्याचं संशोधन सुरू झालं. मग स्पार्क्स नावाचा अभ्यास आला. निकाल २०१७ च्या अखेरीस छापून आला. नुकतंच निदान झालेले आणि अजून गोळ्या सुरू न केलेले १२८ पेशंट, तीन गट, ट्रेडमिल, सहा महिने. ज्या गटानं हृदयाची गती कमाल गतीच्या ८०-८५ टक्क्यांवर नेली, त्यांचा हालचालींचा स्कोअर जवळपास होता तिथेच राहिला. नेहमीच्या रूटीनवाल्यांचा सुमारे तीन गुणांनी घसरला. अभ्यास लहान होता. मेंदूतल्या पेशींचा नाश थांबतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण १८१७ च्या व्याख्येत लक्षण असलेलं पळणं, दोनशे वर्षांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलं. (पळायला लागण्याआधी हृदय तपासून घ्या, हे आलंच.)

आता आपल्याकडे या. मुंबईत पार्किन्सन्सच्या पेशंट्ससाठीची सोसायटी २००१ पासून काम करते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. हृषीकेश पवारांनी पुण्यात पेशंट्ससाठी नाचाचे वर्ग घेतले. पुण्याच्याच मिलेहा सोनेजीनं पाहिलं, की तिच्या काकांना सपाट जमिनीवर चालता येत नाही, पण जिना मात्र ते सरसर उतरतात. तिनं जमिनीवर जिन्याचं चित्र चिकटवलं, आणि काका त्यावरून चालले! २०१५ साली तिनं हे एका भाषणात जगाला सांगितलं. हालचालीनं हालचाल सुटते, हे आपल्या माणसांनाही कळलेलं आहे.

मग वर पळणारी आणि बोलणारी नावं अमेरिकेतलीच का? माझ्या मते एक कारण कायद्यात आहे. अपंगत्वावरून कामावर भेदभाव करायचा नाही हा कायदा अमेरिकेनं १९९० मध्ये केला. आपल्याकडे पार्किन्सन्स हा शब्द दिव्यांग हक्क कायद्यात आला २०१६ साली. त्यातल्या कलम २० नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही. खासगी कंपनीला ते बंधन नाही, पण कलम २१ नुसार समान संधीचं धोरण मात्र जाहीर करावंच लागतं. तुमच्या कंपनीच्या इंट्रानेटवर ते कुठेतरी पडलेलं असेल. सोमवारी शोधून बघा. हे धोरण नसेल, तर टीममधला ३४ वर्षांचा माणूस त्याचा डावा हात खिशात का ठेवतो, हे तो तुम्हाला कधीच सांगणार नाही. तो गपचूप परफॉर्मन्स रेटिंगमध्ये खाली खाली जाईल.

आणि सोलापुरात तर याच्याही पुढचा प्रश्न आहे. इथे हजारो बायका विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांमागे. बोटं मंदावली की त्याच आठवड्यात पगार कमी. कलम २१ चं धोरण तिच्या घरी कोण नेऊन देणार? पार्क मैदानावर सकाळी पळायचं तर त्याआधी तिला तासभर सुटी हवी, निदान वेळेवर हवं, गोळी परवडायला हवी. पळणं फुकट आहे असं आपण शूज घेताना एकमेकांना सांगतो, ते तितकंसं खरं नाही.

असो. बोलण्यासाठी फॉक्सला सात वर्षं लागली, आणि त्याच्याकडे पैसा, नाव, कायदा सगळं होतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी धीट व्हावं असं आपण बाहेरून म्हणू नये. त्यांनी सांगितलं तर त्यांचं काम जाणार नाही, एवढी व्यवस्था आधी करावी. धीट ते आपोआप होतील, आणि पळतीलही.